दुसऱ्याच पाइपचे शिंपले

शुक्रवारी सकाळी पोर्ट डॅनरच्या नळांना करंगळीएवढी धार उरली, तेव्हा पाणीखात्याच्या वर्ना काइपर्सने ऑर्विल पाणबुड्याला बोलावलं. सरोवरातून गावासाठी पाणी ओढणाऱ्या पाइपचं तोंड पट्टेरी शिंपल्यांनी बुजलं होतं. कुठल्याशा जहाजाबरोबर परमुलखातून आलेले हे नखाएवढे शिंपले एकमेकांच्या डोक्यावर बसून दगडासारखे थर करत.

ऑर्विल तासभर खाली खरवडत होता. शेवटचा थर सुटला आणि पाइपने त्याचा हातच आत ओढला. शिंपल्यांची जाळीची पोती होडीत टाकून तो खुशीत ओरडला, "झालं! असं ओढतंय की माझा हातमोजाच गेला!"

वर्नाने धक्क्यावरचा नळ सोडला. नळ नुसता खाकरला आणि गप्प झाला.

"काही येत नाहीये रे."

"असं कसं? आत तर नदी वाहतेय!"

"मग अजून खरवड."

तो पुन्हा खाली गेला. इतक्यात वर्नाचा फोन वाजला. सभागृहाचे म्हातारे रखवालदार गार्नेट बोलत होते. संध्याकाळी तिथे तळघरात ऐंशी माणसांचं तळलेल्या माशांचं जेवण होतं.

"वर्ना, तळघरात पाणी भरतंय!"

"अहो, मग नळ बंद करा!"

"बंदच आहे! नळाला थेंब नाही, म्हणून तर बटाटे धुवायचे राहिलेत!"

"मग पाणी येतंय कुठून?"

"मला काय विचारतेस? जुन्या पाइपातून येतंय. आता मासेसुद्धा यायला लागलेत. आणि एक पिवळा हातमोजा."

हातमोजा ऐकताच वर्नाला उलगडा झाला. सभागृह म्हणजे पूर्वीचा मासळीचा कारखाना. त्याचा सरोवरातला पाइप बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. इतकी वर्षं तो शिंपल्यांनी बंद ठेवला होता.

ऑर्विलचं डोकं वर येताच ती किंचाळली, "घाल! सगळे परत घाल!"

"काय घालू?"

"शिंपले!"

"अगं, सकाळपासून काढ, काढ म्हणतेस आणि आता..."

"चुकीचा पाइप साफ केलास! तळघर बुडतंय!"

ऑर्विलने शिंपल्यांचं एक पोतं उचललं आणि उडी मारली. पाइपने पोतं घट्ट ओढून घेतलं आणि पाणी थांबलं.

जेवण झालं. लोक गमबूट घालून घोट्याएवढ्या पाण्यात जेवले. गावाच्या पाइपचं काम मात्र उद्यावर गेलं होतं. दमलेला ऑर्विल हात धुवायला बेसिनपाशी गेला. त्याने नळ फिरवला, नळ कोरडा.

गार्नेटनी वाकून जमिनीवरून मगभर पाणी घेतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"धू बाबा. तूच आणलंयस."