रंगी-भुंग्याची तुळशीमाळ

या, असे जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवा, पाय पोटाशी घ्या, थंडी फार आहे. आख्यान लावण्याआधी बुवा श्रोत्यांवरून एकदा प्रेमाची नजर फिरवतात ना, तशी फिरवून तुम्हाला एक गोष्ट सांगतो. गोष्टीत दोन कुत्रे आहेत, एक बुवा आहेत आणि आणखी एक जण आहे, त्याचं शेवटी पाहू. हसू आलं तर खुशाल हसा. देवाला हसण्याचं वावडं नाही.

कुरखेड्याच्या पलीकडे जंगलाच्या पोटात मोहटोला नावाचं पंचवीस घरांचं गाव होतं. साल छप्पनचं, महिना पौषाचा. साऱ्या गावात माळकरी एकटा लटारू. आदल्या वर्षी देवाजीबुवांचं कीर्तन ऐकून त्याने मांस-मच्छी सोडली, गळ्यात तुळशीची माळ घातली. बुवांचा नेम असा, की गावात एकच जेवण घ्यायचं आणि तेही माळकऱ्याच्या घरी. म्हणजे यंदा बुवांचं पान लटारूच्या ओसरीवर पडणार. त्याची बायको गुणाबाई हिने त्यासाठी कोरी गाडगी आणली होती आणि घर दोनदा सारवून काढलं होतं.

अडचण होती ती रंगी आणि भुंग्याची. शेतात धान उभं असताना रानडुकरं हाकलायला पाळलेले हे कुत्रे. धान कापून खळ्यावर आलं की त्यांचं काम संपे, पण अंगातली रग संपत नसे. मग रोज सकाळी दोघं धुक्यात शिरत आणि उन्हं वर येईतो कधी तितर, कधी ससा आणून मालकाच्या उंबऱ्यावर ठेवत. वर कौतुकाची वाट पाहत बसत.

"काय गा लटारू," शेजारचा मुखरू चावडीवर म्हणाला, "तुह्या गळ्यातली माळ पाह्यली अन् तुह्या दारातला ससाबी पाह्यला. अशा घरी बुवा जेवन का? मी सांगतो त्याइले."

मुखरूच्या स्वतःच्या चुलीवर डुकराचं मटण शिजत होतं, पण तो माळकरी नव्हता, त्यामुळे त्याला बोलायला मोकळीक होती. लटारू मात्र घाईने घरी आला. त्याला बुवांचं वाक्य आठवलं: माळ गळ्यात पडली की वासना आपोआप गळून पडते. कुणाच्या गळ्यात, ते बुवांनी सांगितलं नव्हतं.

"काय करून राह्यले जी तुमी?" गुणाबाईने विचारलं.

"दोघाइले माळ घालून राह्यलो."

"त्याइले इचारलं का?"

"शेपटी हालवली न त्याइनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू दोन कोसांवरच्या गावाहून बुवांना आणायला निघाला. माळकरी कुत्रे मागे होतेच. जाताना त्यांनी एका होल्या पाखराकडेही पाहिलं नाही. लटारूचे डोळे भरून आले.

परतताना बुवा पुढे चालत होते, कानाला उपरणं, खांद्याला जाड खादीची झोळी. गवतावर दव, सागाची पानं पायाखाली वाजत होती.

"यांनाही माळ?" बुवांनी थांबून पाहिलं.

"हो जी. तुमचाच शब्द."

"लटारू, अरे, जिथे मुक्या जिवाला हिंसेचा कंटाळा येतो, तिथे..."

तिथे नेमका बोरीच्या झुडपातून ससा उठला.

रंगी डावीकडून सुटली, भुंग्या उजवीकडून. लटारू "विठ्ठल विठ्ठल" म्हणत डोळे मिटून उभा राहिला. आणि त्याला हाक ऐकू आली, ती शुद्ध कीर्तनातली नव्हती.

"वरतून घे वो रंगे! नाल्याकडं जाऊ देऊ नको बापा! भुंग्या, दाब, दाब!"

डोळे उघडले तर बुवांनी धोतराचा काचा मारलेला, आणि ते पळसांतून आडवे धावत होते. ससा वळला तो थेट बुवांच्या हातात. बुवांच्या हातात जिता ससा, पायाशी उड्या मारणारे दोन माळकरी, आणि चेहरा चोरी सापडल्यासारखा.

"माळ घालायच्या आंधी वीस वर्सं शिकार केली गा," बुवा हळूच म्हणाले. "तोंड सुधरलं, हात इसरत नाई."

"आता जी?"

"सोडला त हे खातीन. हातात नेला त गाव पाहीन." बुवांनी ससा अलगद झोळीत ठेवला, चिपळ्यांवर. "कुत्रे बांध, मंग सोडू."

कुत्रे बांधायचे ते गावात गेल्यावर. पण वेशीवरच मुखरूसकट सारं गाव मृदंग घेऊन उभं होतं. वाजतगाजत बुवा लटारूच्या अंगणात आले, झोळी खुंटीला लागली, आणि लगेच कीर्तन सुरू झालं.

बुवांना चिपळ्या काढता येईनात. "आज टाळीच बरी," म्हणाले. रंगी आणि भुंग्या खुंटीखाली येऊन बसले. बिळात सावज असलं की ते असेच बसत: ताठ मान, वर नाक, ना हूं ना चूं. हे लटारूला ठाऊक होतं. गावाला मात्र दिसत होते ते दोन माळकरी कुत्रे, बुवांच्या झोळीवर दोन तास नजर लावून बसलेले. आरती होईतो बायांनी डोळ्यांना पदर लावले.

आरतीनंतर मुखरू उठला. डोक्याचं मुंडासं काढून तो झोळीपुढे वाकला.

"कुत्र्याइले कळलं, मले नाई कळलं," तो म्हणाला आणि त्याने झोळी धरून कपाळाला लावली.

झोळीने त्याला लाथ मारली.

मुखरू तिथेच बसला. "आशीर्वाद देला," तो म्हणाला. "बुवा, मले माळ घाला."

बुवा भला माणूस. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "मुखरूभाऊ, खोटं नको. आत ससा आहे."

"कोनाले सांगता जी?" मुखरू समजूतदारपणे हसला. "ससा असता त हे दोघं गप बसले असते का?"

बुवांनी त्याला माळ घातली. तेव्हा मुखरू हात जोडून म्हणाला, "आता मीबी माळकरी. आजचं जेवन माह्या घरी. पहिल्या दिवशी नाई म्हनू नका."

बुवांनी लटारूकडे पाहिलं. आता नाही म्हणायचं ते कोणत्या तोंडाने? लटारूने मान खाली घातली. पण मुखरूच्या घरच्या एकूण एक गाडग्यात मटण शिजलेलं.

"उचला जी गाडगी," गुणाबाई नवऱ्याला म्हणाली. "मान त्याचा, भात आपला."

आणि ज्या मुखरूने बुवांचं पान अडवायचं ठरवलं होतं, त्याच्याच ओसरीवर लटारूने वरणाचं गाडगं नेऊन ठेवलं. बुवांनी दोनदा भात मागून घेतला आणि प्रत्येक वेळी गुणाबाईकडे पाहून हात जोडले. मुखरूला वाटलं, आपल्याला.

त्याआधी, कुत्रे कोठीत कोंडून, बुवा झोळी घेऊन एकटेच नाल्यावर जाऊन आले होते. ससा बाहेर पडला, थोडा थांबला, कान हलवले, आणि गेला. बुवांनी त्याला वाकून नमस्कार केला.

तर मंडळी, तुम्ही कीर्तनात बसता. कुणी खोकतं, कुणी सुपारी कातरतं, कुणी शेजाऱ्याला बैलांचं विचारतं. तसं होऊ लागलं की चिपळ्यांवर अंग चोरून, शत्रू दारात बसलेले असताना, अथपासून आरतीपर्यंत न हलता कीर्तन ऐकणाऱ्या त्या सशाची एकदा आठवण करा.