गिरीशच्या खिडक्या आणि वॉल्टरची भिंत

"या घराच्या खिडक्या मी निवडणार! कोणी मधे बोलायचं नाही!" गिरीश देवस्थळीने जाहीर केलं, आणि अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्याच्या घरात तेव्हापासून दुसरा विषय निघेना.

गिरीश म्हणजे टोस्टर घ्यायचा तरी महिनाभर रिसर्च करणारा माणूस. २००६चा अख्खा हिवाळा त्याने पेटती उदबत्ती घेऊन जुन्या खिडक्यांपुढे काढला. धूर जरा हलला की ओरडायचा, "बघ, इथून वारा येतोय!"

"आरती झाली असेल तर जेवायला ये," त्याची बायको शरयू म्हणायची.

मग सेल्समन आले. प्रत्येकाजवळ काचेचा एक तुकडा आणि एक प्रखर दिवा. काचेमागे हात धरायचा आणि चटका बसतो का ते सांगायचं. गिरीशने दोन्ही तळहात भाजून घेतले आणि सगळ्यात कडक काच पसंत केली.

"ही काच उन्हातली उष्णता आत येऊच देत नाही! सरळ परत पाठवते!"

"परत म्हणजे कुठे?" शरयूने विचारलं.

"कुठे का जाईना! आपल्या घरात नाही ना!"

जूनमध्ये खिडक्या बसल्या आणि घर खरंच गार झालं. गिरीशला इतकं भरून आलं, की दारात आलेल्या पार्सलवाल्यालाही त्याने सोफ्यावर बसवून गारवा दाखवला. तो बिचारा सह्या घ्यायच्या सोडून डुलक्या घ्यायला लागला!

आणि मग शेजारच्या वॉल्टरचा कचऱ्याचा डबा वाकला.

वॉल्टर नोवाक हा स्कूलबस चालवून रिटायर झालेला, गवताचं पातंन् पातं विंचरून ठेवणारा सज्जन माणूस. रात्री कचरा उपसायला येणारा एखादा रकून, मांजरापेक्षा थोराड रानटी प्राणी, डब्यावर बसला असेल, असं त्याला वाटलं. दोन दिवसांनी त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे चार पाय नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखे चार दिशांना गेले. एवढा जाडा रकून? वॉल्टर विचारात पडला. तेवढ्यात त्याच्या भिंतीलाच फुगा आला! तिकडच्या घरांना बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या आधी पुरीसारख्या टम्म फुगल्या आणि मग ओल्या कुरडईसारख्या लोंबायला लागल्या.

इकडे शरयूला एक वेगळाच शोध लागला होता. दुपारनंतर दोन घरांमधल्या गवतावर उन्हाचा एक झगझगीत पट्टा पडायचा. तिथे तिने उडदाचे पापड घातले. तासाभरात कडकडीत! पट्टा सरकला की तीही चादर सरकवायची. पट्टा वॉल्टरच्या भिंतीवर चढला, की तिने भिंतीला स्टूल लावून त्यावर ताट ठेवलंच!

आता हे वॉल्टरला त्याच्या खिडकीतून कसं दिसत होतं? डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई येते, पुटपुटत त्याच्या भिंतीपाशी पांढऱ्या गोल चकत्या मांडते, काळी छत्री गरागरा फिरवते आणि संध्याकाळपर्यंत भिंत वितळते! शरयू पापड मोजत होती आणि छत्रीने खारी हाकलत होती, हे त्याला कोण सांगणार? त्याने दोन आणि दोन बावीस केले.

शनिवारी तो टोपी हातात धरून दारात उभा राहिला.

"गिरीश, तुमच्या देवाला मी कधी काही वावगं बोललो का?"

"छे! का?"

"तुझी बायको माझ्या घरावर काहीतरी करतेय."

"शरयू? तिला आमच्या घराचं करायला वेळ नसतो, तुमच्या घराचं कुठे करणार!"

"डॅड," गिरीशची मुलगी इला जिन्यावरून ओरडली, "ही थिंक्स मॉम इज अ विच!"

वरात बाहेर आली. शरयू छत्रीसकट रंगेहाथ सापडली.

"अहो वॉल्टर, पापड आहेत नुसते! खा!"

वॉल्टर दोन पावलं मागे सरला.

"ही सगळी अंधश्रद्धा आहे!" गिरीश कडाडला. "हा बघा, मी स्वतः या भिंतीपाशी उभा राहतो. बघू या मला काय होतं ते!"

तो उभा राहिला. क्षणभर काही झालं नाही. मग टकलावर कुणी फोडणी ओतावी तसा चटका बसला. "आई गं!" करून तो उडाला, वळला, आणि समोर पाहतो तो काय! त्याच्याच खिडकीत दुसरा सूर्य पेटला होता.

"परत म्हणजे कुठे, ते कळलं हो," शरयू शांतपणे म्हणाली.

कंपनीचा माणूस आला. त्याचा ऊर भरून आला. "काच एकदम उत्तम काम करतेय, सर! तक्रार काय आहे?"

शेवटी गिरीशने खिडक्यांना बाहेरून ऊन अडवणाऱ्या जाळ्या लावल्या, वॉल्टरची हात जोडून माफी मागितली आणि भिंतीचा तेवढा तुकडा विटांचा बांधून दिला. शरयूने पापड तळून नेले. ते संपल्यावर वॉल्टरने ताटलीतला चुराही बोटाने टिपला. मग गिरीशला म्हणाला, "एका खिडकीची जाळी काढलीस तर? आता विटा आहेत." दुसऱ्या दिवसापासून खारी हाकलायला छत्री घेऊन तोच बसायला लागला.

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. गणपतीत महाराष्ट्र मंडळाने गिरीशचं 'खिडक्या आणि ऊर्जाबचत' या विषयावर व्याख्यान ठेवलं. हॉल खच्चून भरला! पुढच्या तिन्ही रांगा बायकांच्या! गिरीशला गहिवरून आलं. त्याने आलेख दाखवले, काचेचे थर समजावले, घाम पुसला आणि विचारलं, "काही प्रश्न?"

पहिल्या रांगेतल्या पद्मिनीकाकू उठल्या.

"ते सगळं छान सांगितलंस रे. पण पुढच्या उन्हाळ्यात मला सांडगे घालायचेत. बुकिंग तुझ्याकडे करायचं, की थेट वॉल्टरकडे?"