द्वारकाबाईंनीं बंद दाराशीं कोरियाचें गाणें म्हटलें त्याची हकीकत

श्री. कंठास सूर आणि कानास त्या सुराची तहान ज्यानें दिधली, त्या एकास नमन करोन हें वर्तमान लिहिलें असे. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, श्रावणमास. ते काळीं एका नगरांत पांच खुर्च्यांचें एक राज्य होतें, लोक त्यास डायलिसिस विभाग म्हणत. ज्यांच्या किडन्या निकामी जाहल्या ते त्या राज्याचे रहिवासी. आठवड्यांत मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळीं सातास हजर व्हावें, हातांत दोन जाड सुया घ्याव्या, चार तास यंत्राकडोन रक्त धुवोन घ्यावें आणि घरीं जावें, ऐसा दस्तूर. त्यांत सण नाहीं, सुतक नाहीं, रजा नाहीं. कारभार फिलोमिना सिस्टर यांचे हातीं. सिस्टर करड्या, परंतु न्यायी, आणि सुई ऐशी टोचीत कीं रोगी बोलत असतां त्याचें वाक्य तुटूं नये.

त्या राज्यांत खिडकीजवळील खुर्ची द्वारकाबाई हेंद्रे यांची. बाईंनीं एस.टी.त अठ्ठावीस वर्षें कंडक्टरी केली होती आणि आवाज ऐसा कीं मागल्या दाराशीं चिकटलेला प्रवासी आपोआप पुढें सरके. बाईंची गाडी घाटावरील एका इंग्रजी शाळेस जात असे, आणि शाळेचीं मुलें वळणावळणास विलायतेचीं नि अमेरिकेचीं गाणीं म्हणत, आणि बाई तिकिटें फाडतां फाडतां तीं गाणीं शिकल्या. अर्थ एकाचाही ठाऊक नाहीं, परंतु चाल पक्की आणि शब्द कानास आले तैसे. सहा वर्षें बाई त्या खुर्चीवर येत होत्या आणि एकही वार चुकल्या नव्हत्या. श्रावणांत शेजारील खुर्चीवर मेहराज तांबोळी म्हणोन नवा रोगी दाखल जाहला. वय बावीस, आयटीआयचा फिटर, देखणा, परंतु कानांत इयरफोन घालोन भिंतीकडे तोंड करी आणि कोणाशीं अक्षर बोलत नसे. मात्र मोकळ्या हाताचीं बोटें खुर्चीवर ताल धरीत, तें बाईंनीं हेरिलें. मग एके गुरुवारीं बाईंनीं विचारिलें, "काय ऐकतोयस रे?" मेहराज म्हणाला, "कोरियन आहे मावशी. तुम्हाला नाही कळायचं." बाई म्हणाल्या, "मला इंग्रजी तरी कुठं कळतंय? अठ्ठावीस वर्षं गातेय." ऐसें बोलोन बाईंनीं एक विलायती गाणें खड्या आवाजांत सुरू केलें. समोरील खुर्चीवर निवृत्त पोस्टमास्तर अण्णा बोकील होते, ते दचकोन म्हणाले, "अहो बाई, दवाखाना आहे हा!" बाई कडवें पुरें करोनच थांबल्या. आणि मेहराज त्या राज्यांत प्रथमच हंसला आणि म्हणाला, "शब्द सगळे चुकलेत मावशी. पण सूर बरोबर आहे." मग त्यानें एक इयरफोन काढोन बाईंचे हातीं दिधला.

ते दिवसापासोन उभयतांत तह जाहला कीं दर वारीं एक गाणें त्यानें द्यावें आणि एक बाईंनीं. मेहराजनें कोरियाचीं दिधलीं, जपानचीं दिधलीं, थायलंडच्या एका पोरीचें दिधलें, तें ऐकोन बाई म्हणाल्या, "ही माझ्या नणंदेसारखी भांडते, पण सुरात." आणि बाईंचे मोडके शब्द घेऊन मेहराज मोबाईलवर मूळ गाणें हुडकी, आणि सांपडलें म्हणजे लढाई जिंकल्यासारखा मोबाईल उंच धरी. बाई वीस वर्षें जें गाणें आनंदाचें म्हणोन गात आल्या, तें बायको टाकोन गेलेल्या माणसाचें निघालें. मेहराजनें अर्थ सांगितला. बाई म्हणाल्या, "असू दे. घाटात ते आनंदाचंच होतं." पुढें सिस्टरांनीं शेवटच्या अर्ध्या तासास, जेव्हां पायांत गोळे येतात, तेव्हां लहान स्पीकर हलक्या आवाजांत लावण्याचा हुकूम दिधला. मग अण्णांसही राहवेना, आणि तरुणपणीं रेडिओवर ऐकिलेलें एक सिंहली गाणें त्यांनीं लाजत लाजत मागितलें. ऐसें राज्य नांदूं लागलें.

परंतु कार्तिकांत विघ्न उपजलें. मेहराजच्या वडील भावाची किडनी जुळली होती, ती मेहराजास बसविण्याची तारीख ठरावयाची होती, आणि भावानें ऐन वेळीं माघार घेतली. मंगळवारीं मेहराजची खुर्ची रिकामी राहिली. गुरुवारींही रिकामी. सिस्टरांनीं घरीं फोन केला, तों त्याची आई रडत बोलली, "दार लावून बसलाय. म्हणतो, आता जाणार नाही." फोन ठेवोन सिस्टर म्हणाल्या, "आपण बोलावू शकतो. ओढून नाही आणता येत." द्वारकाबाईंच्या सुया नुकत्याच निघाल्या होत्या, हातास पट्टी, तोंड फिकें. बाई म्हणाल्या, "मी आणते त्याला." सिस्टर म्हणाल्या, "तुमचं बीपी बघा आधी. उभं राहवत नाही तुम्हाला." बाई म्हणाल्या, "मग बसून जाते. रिक्षात बसायचंच असतं." आणि चपला पायांत सरकवोन निघाल्या. सिस्टर मागोन मोठ्यानें बोलल्या, "मशीन चारपर्यंत मोकळं ठेवते. चारच्या पुढे नाही."

तांबोळ्यांचें घर गल्लीच्या टोकास. मेहराजच्या आईनें पाट मांडिला, आणि बाई बंद दारासमोर बसल्या आणि हांक मारिली. उत्तर नाहीं. समजाविलें, रागें भरल्या, उत्तर नाहीं. तेव्हां बाईंच्या मनांत आलें कीं याला बोलणें नको आहे, आणि आपल्यापाशीं बोलण्याखेरीज एकच वस्तु आहे. मग त्यांनीं मेहराजनेंच दिलेलें कोरियाचें गाणें सुरू केलें. धाप लागे, मध्येंच थांबावें लागे, परंतु आवाज तोच घाटांतला. शेजारीपाजारी जमले, पोरें खिदळूं लागलीं, एका म्हाताऱ्यानें "हिला झालंय काय?" ऐसेंही विचारिलें. बाईंनीं कोणाकडे पाहिलें नाहीं. एकदां म्हटलें, दुसऱ्यांदां म्हटलें, तिसऱ्यांदां आरंभ केला, तों आंतून क्षीण आवाज आला, "मावशी, ते तसं नाहीये." बाई म्हणाल्या, "मग कसं आहे?" आंतून शब्द आला. बाईंनीं म्हटला, पुन्हा चुकला. "दारातून नीट ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "उघड."

कडी निघाली. मेहराज उभा, तोंड सुजलेलें, पाय सुजलेले, श्वास पुरत नव्हता. उंबऱ्यावर बसोन म्हणाला, "कशासाठी यायचं मावशी? सख्ख्या भावानं नाही म्हटलं. किती वर्षं टोचून घ्यायचं?" बाईंनीं लबाडी केली नाहीं. म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही. मला एक मुलगा आहे, पुण्याला असतो. सहा वर्षांत मी त्याला किडनीचं विचारलंच नाही. नाही म्हणाला तर, या भीतीनं." हें बाईंनीं आजवर कोणासही सांगितलें नव्हतें. मेहराजनें मान वर केली. "मग तुम्ही का येता?" बाई म्हणाल्या, "सगळ्या जन्माचं मी ठरवतच नाही. तेवढं बळ नाही माझ्यात. मंगळवारचं मंगळवारी ठरवते. तू आजचं ठरव. शनिवारी नाही वाटलं, तर शनिवारी पुन्हा भांडू." मेहराज बराच वेळ रडला. मग हातानें चपला चांचपूं लागला, तों आईनें धांवत आणोन पुढें ठेविल्या. चारास दहा मिनिटें असतां रिक्षा राज्याच्या दाराशीं आली. सिस्टरांनीं सुई हातीं घेतली. ते दिवशीं मेहराजच्या अंगांतून चार किलो पाणी निघालें आणि जीव वांचला.

पुढें दोन वर्षें तो एकही वार चुकला नाहीं. मध्यें एकदां भाऊ दाराशीं येऊन उभा राहिला आणि मेहराज त्याशीं बोलला; काय बोलला तें लिहिणारास ठाऊक नाहीं. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षांत मरणोत्तर दानाच्या यादींतोन, जींत बाईंचेंही नांव होतें, मेहराजचें नांव लागलें, शस्त्रक्रिया यशस्वी जाहली, आणि तीन महिन्यांनीं तो तोंडास मास्क बांधोन राज्यांत भेटीस आला. द्वारकाबाईंच्या खुर्चीशीं उभा राहिला, मान खालीं घातली. आणि म्हणाला, "तुमच्या आधी माझा नंबर लागला मावशी." त्या राज्यांत पाणी मोजोन प्यावें लागे, दिवसास तीन-चार पेले, उन्हाळ्यांतही तितकेंच. बाई म्हणाल्या, "लाज कसली त्यात? घरी जा आणि पोटभर पाणी पी. माझ्या वाटचंही पी." मेहराजनें त्यांच्या पट्टीवरोन हात फिरविला आणि गेला. मग बाईंनीं खिडकीकडे तोंड केलें, डोळे पुसले, आणि सिस्टरांस म्हणाल्या, "बघताय काय? लावा ना स्पीकर."

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें तें लिहिलें. जो बरा होऊन गेला त्याची गोष्ट सारे सांगतात. जी पुढील मंगळवारीं पुन्हा सातास हजर जाहली, तिची कोणी लिहीत नाहीं, सबब ही लिहिली असे.