राजपुत्र चुकला नाई

मोहफुलं वेचायला जंगलात शिरलं की तोंड बंद ठेवायचं नाही, हा सुगंधाबाईचा कायदा होता. माणसांचा आवाज आला की वाघ वाट बदलतो; गुपचूप वाकून वेचणारी बाई मात्र त्याला हरणासारखी दिसते. म्हणून तिच्या चौघींच्या टोळीत एकीनं सतत बोलायचं आणि सगळ्यांनी वेचायचं. दोन वर्षं हे काम बायनाबाईनं सुनेच्या चुगल्या करून चोख बजावलं. यंदा सूनच शेजारच्या झाडाखाली वेचायला येऊ लागली आणि बायनाबाईचा विषय संपला.

मग ते काम दिव्यानीकडे आलं. ही पोरगी पंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढायची आणि उरलेल्या वेळात जादूटोण्याच्या, राक्षसांच्या जाडजूड कादंबऱ्या वाचायची. वाचायला कुणाची हरकत नव्हती, पण प्रत्येक पुस्तकाबद्दल तिचं मत असायचं आणि ते ऐकायला गावात माणूस नव्हता. दाखल्याला आलेल्यांना ऐकवावं, तर ते दाखला न घेताच पळायचे. जंगलातून पळायची सोय नव्हती.

"पैलं सांगतो, या पुस्तकात नकाशा काऊन देल्ला ते लिहिणाऱ्यालेच माहीत," दिव्यानीनं खड्या आवाजात सुरुवात केली. "राजपुत्राले वर भेटला तं त्यानं काय मागतलं? घोड्याले वाचा! आता घोडं बोलते, अन् दिवसभर ह्याच्याच चुका काढते. पण सातशे पानांत अक्कल असलेलं ते एकच घोडं आहे बरं!"

बायकांना घोडं आवडलं. तिसऱ्या दिवशी तर बायनाबाई वाटेतच विचारू लागली, "आज घोडं काय म्हणते वं?" टोपल्या भरत होत्या, वाघ फिरकत नव्हता, सगळं सुरळीत चाललं होतं. पाचव्या दिवशी राजपुत्रानं राज्य वाचवायला ते घोडं चेटकिणीला देऊन टाकलं.

"मुडदा बशिवला त्याचा!" बायनाबाई ओरडली. "आमचा बैल इकला तवा मी दोन दिवस जेवली नोती!"

"मंग काय कराचं त्यानं?" रंभा म्हणाली. रंभा गेल्या साली उपसरपंच झाली होती, त्यामुळे राज्य चालवणाऱ्यांची अडचण तिला लगेच कळायची. "राज्य वाचवाचं का घोडं?"

"राज्य घोड्यानंच दोनदा वाचवलं होतं!" दिव्यानी कडाडली.

"तो राजा होणार आहे. त्याले सगळ्यांचं पाहा लागते. तुले काय, दाखले काढाचे."

हे दिव्यानीला लागलं. इतकी वर्षं मत ऐकणारं कुणी नव्हतं; आता मिळालं, तर ते उलटं बोलणारं निघालं. "राजपुत्र चुकला म्हण," ती टोपली खाली ठेवून म्हणाली, "तवाच पुढचं सांगतो. नाई तं बोलतच नाई."

आणि ती खरंच गप्प बसली. रंभाही गप्प बसली. बायनाबाईला रडू येत होतं, म्हणून तीही गप्प. जंगल एकदम शांत झालं. त्या शांततेत मागच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी खसफसलं.

सुगंधाबाईनं दिव्यानीला कोपरानं ढोसलं. "दिव्यानी, बोल वं माय."

दिव्यानीनं नकारार्थी मान हलवली. जाळी पुन्हा हलली, या वेळी जवळची.

"रंभा, म्हणून टाक न चुकला! तुह्यं काय जाते?" सुगंधाबाई म्हणाली.

रंभानं जाळीकडे पाहिलं, दिव्यानीकडे पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून ओरडली, "वाघ खाईन तं खाईन, पण राजपुत्र चुकला नाई!"

"नाईच चुकला!" जाळीतून आवाज आला.

चौघींनी एकच किंकाळी फोडली. जाळीतून काटे झटकत वनरक्षक राजदीप बाहेर आला. "भिऊ नका, मी आहो. पाच दिवसांपासून तुमच्या मागंमागंच गस्त करून राह्यलो. घोड्याचं पुढं काय होते, राहवलंच नाई. परवा आरमोरीच्या वाचनालयातून पुस्तक आणलं अन् संपवलं. घोडं परत येते, बायनाबाई. रडू नका."

बायनाबाईनं त्याला तोंडभर आशीर्वाद दिले. दिव्यानी मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. उभ्या तालुक्यात तिचं पुस्तक वाचलेला हा पहिलाच माणूस होता. आनंदानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुरं वाचलं तुमी?"

"नकाशासकट. नकाशाच तं सगळ्यात भारी आहे."

"मंग तुमाले काईच समजलं नाई!"

दोघं जी सुरू झाली ती थांबेचनात. चेटकिणीवरून नकाशावर, नकाशावरून पुन्हा घोड्यावर. आवाज पार नाल्यापलीकडे जात होता. बाकीच्या तिघींनी निवांत तीन झाडं वेचली, दिव्यानीची टोपलीही भरून दिली. निघताना सुगंधाबाईनं राजदीपला हळूच बाजूला घेतलं.

"गार्डसाहेब, उद्याही या. फक्त हिचं म्हणणं पटलं, तं मंग येऊ नका."