शेजारचा दात

रूट कॅनॉल म्हणजे काय, हे कुलूपवाल्याला कुणी शिकवायला नको होतं. दात म्हणजे कुलूप, आणि ती ठणकणारी नस म्हणजे आत मोडून बसलेली किल्ली! पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंच्या केसाएवढ्या बारीक कानशी बघून त्याने सांगून टाकलं, या तर आमच्या कानशींची नातवंडं. त्या हसल्या.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी परगावी. घरात बोलायचा तो रेडिओ, आणि तोही उत्तराला थांबत नसे. इथे मात्र दर गुरुवारी पाऊण तास कुणीतरी विचारायचं, दुखतंय का काका?

पहिल्या गुरुवारी इंजेक्शन आणि नस बाहेर. दुसऱ्या गुरुवारी साफसफाई. तिसऱ्या गुरुवारी मुळं भरली. चौथ्या गुरुवारी टोपी बसवून त्या म्हणाल्या, "झालं काका. मोकळे तुम्ही."

मोकळा! मोकळा तर तो सहा वर्षं होताच.

जन्मभर गिऱ्हाइकांना गंडवत आलेला माणूस तो. लगेच गाल धरून म्हणाला, अजून ठणकतंय. नस काढलेला दात ठणकेल कसा, असं म्हणत बाईंनी आरशाच्या दांडीने एकेक दात ठोकून पाहिला. शेजारच्या दातावर टकटक झाली आणि हा खुर्चीतून वीतभर उडाला! एक्स-रेत काही दिसेना. थोडं थांबून बघू, त्या दोनदा म्हणाल्या. हा दोनदा असा कण्हला, की बाहेर बसलेला एक पेशंट चपला घालून घरी गेला. शेवटी बाईंनी सुस्कारा सोडला आणि त्याही दाताच्या रूट कॅनॉलसाठी पुढचा गुरुवार दिला.

म्हणजे आणखी चार गुरुवार! स्वारी शीळ घालत जिना उतरली.

पुढच्या गुरुवारी इंजेक्शन टोचलं, दाताभोवती रबरी पडदा ताणला, मशीन घुं करायला लागलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा धडधाकट दात चाललाय! त्याने हात वर केला. दुखलं तर हात वर करा, असं ठरलेलं. दुसरं इंजेक्शन मिळालं. 'अहो, मी खोटं बोललो' हे तोंडातून 'अओ, ई ओओ ओओओ' असं निघालं. तिसरं मिळालं.

मग त्याने खुणेनेच कागद-पेन मागितलं. पण एकदम खोटेपणा कबूल करायचा कसा? म्हणून आधी कारण लिहायला घेतलं. 'घरी वाट बघायला कुणी नाही, म्हणून'

एवढं होतंय तोवर बाईंनी ते वाचलंसुद्धा.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?" त्याच्या हातातलं पेन काढून घेत त्या म्हणाल्या. "घरचे खोळंबतील म्हणून मी थोडं थोडं करत होते. आज दुपारभर मीही रिकामीच आहे. एका बैठकीत उरकून टाकू."

अडीच तास लागले.

"टोपीचीही गरज नाही या दाताला," त्या खूश होऊन म्हणाल्या. "आता इकडे फिरकूसुद्धा नका, काका."

त्याने मान डोलावली. जिना उतरताना बधिर जिभेने तो त्याही पलीकडचा दात चाचपत होता.