अनुसयेचे चोवीस बिल्ले

माणसाचा माणसावर विश्वास असणे ही प्रशासनाच्या दृष्टीने अतिशय गैरसोयीची गोष्ट आहे, कारण त्याची पावती मिळत नाही. कटंगीच्या अलीकडल्या तीन गावांनी ही गैरसोय चार वर्षांपूर्वी दूर केली आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे.

त्याआधी बडगाव, सालेटोला आणि जामटोला या गावांत धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, अगदी अडाणी पद्धतीने चालायचा. आज तू माझ्या बांधीत, उद्या मी तुझ्या. कोण किती दिवस वाकले हे बायकांच्या डोक्यात असायचे, आणि डोक्याचे ऑडिट होत नाही. म्हणून 'त्रिग्राम रोवणा संघ' स्थापन झाला आणि पत्र्याचा गोल बिल्ला काढण्यात आला. दुसऱ्याच्या बांधीत एक दिवस रोवले की एक बिल्ला मिळणार. तो दिला की आपल्या बांधीत एक बाई दिवसभर येणार. तिन्ही गावांत एकच बिल्ला. तो पाडण्याचा ठसा मात्र बडगावात, राइस मिलच्या वरच्या खोलीत, संघाचे अध्यक्ष राजेंद्र यांच्या कपाटात. राजेंद्र बी.कॉम. होते आणि त्यांनी बालाघाटला तीन दिवसांचे प्रशिक्षणही घेतले होते (मधल्या दिवशी सुट्टी होती). समितीच्या पाहणीनुसार बिल्ल्यामुळे तिन्ही गावांतली आपुलकी अठरा टक्क्यांनी वाढली. पाहणीत सहा जणांना विचारले होते. त्यांतले चार समितीचेच होते.

जामटोल्याची अनुसया ही या योजनेची सर्वांत गुणी लाभार्थी. नवरा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर, घरची दोन एकर बांधी तिच्या एकटीच्या अंगावर. बडगावला कालवा आहे, त्यामुळे तिथे जुलै लागताच रोवणा सुरू होतो. अनुसया तिथे चोवीस दिवस कंबर मोडेस्तोवर वाकली आणि तिने चोवीस बिल्ले चहाच्या डब्यात साठवले. तिचा बेत सरळ होता. जामटोल्याची शेती आभाळावर. ऑगस्टात पाऊस लागला की एकाच दिवशी चोवीस बाया बोलवायच्या आणि दिवेलागणीला मोकळे व्हायचे.

पण सामाईक चलन म्हटले की धोरण आले. जुलैत बडगावात बायांची ओढाताण झाली, तेव्हा समितीने उसनवारीचा दर वाढवला : संघाकडून एक बिल्ला उसना घेतला तर सव्वा परत करायचा. (पाव दिवस कसा फेडावा यावर उपसमिती नेमली आहे. तूर्तास बाईने बांधावर यावे, चहा प्यावा आणि जावे.) जामटोल्यात त्या वेळी पाऊस नव्हता, रोवणा नव्हता, ओढाताणही नव्हती. तरी दर तिथेही तोच, कारण समानता हे संघाचे ब्रीद. तीन गावांत पाऊस एकाच वेळी पडत नाही हा पावसाचा दोष आहे, असा ठरावही मंजूर झाला.

दर मागच्या उसनवारीलाही लागू झाला आणि तिथे जामटोला अडकला. गेल्या दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे नाटकाच्या जत्रेसाठी, गावाने मांडव घालायला, रंगमंच उभारायला आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाला बाहेरचे हात लावले होते. त्यासाठी तीनशे तीस बिल्ले उसने घेतले होते. (देणारे समितीचे सदस्य त्या मंडईच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसले होते.) त्याचे आता झाले चारशे साडेबारा. एवढे दिवस फेडायचे तर सगळ्या जामटोल्याने स्वतःच्या बांध्या पडीत टाकून बडगावात वाकायला हवे होते. समितीला तोही उपाय विचारार्ह वाटला.

ऑगस्टच्या चार तारखेला जामटोल्यात पाऊस लागला. वाफ्यात परे, म्हणजे धानाची रोपे, तयारच होती; अनुसयेने ट्रॅक्टर लावून चिखलणी केली. त्याच संध्याकाळी जामटोल्याचे प्रतिनिधी भैयालाल बडगावहून परतले आणि त्यांनी हापशीजवळ उभे राहून, खाली मान घालून समितीची शिस्तयोजना वाचली. येत्या मंडईतले नाटक अकराऐवजी चार पात्रांत बसवावे. मुलीचा बाप आणि खलनायक एकाच नटाने करावा, म्हणजे तिसऱ्या अंकात त्यानेच मुलीला पळवावे आणि त्यानेच रडत शोधायला निघावे. पाहुण्यांनी जेवून यावे. आणि जामटोल्यातल्या कोणत्याही घराने दिवसाला दोनपेक्षा जास्त बिल्ले वापरू नयेत.

अनुसयेला नाटकाचे काही वाटले नाही. शेवटचे कलम मात्र तिने भैयालाल यांच्याकडून दोनदा वाचून घेतले. दुसऱ्या दिवशी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, चहाचा डबा पोटाशी धरून ती राइस मिलचा जिना चढली.

"राजेंद्र भाऊ, हे बिल्ले माहेच आहेत न?"

"हौ काकू, शंभर टक्के तुमचेच."

"मंग मले उद्या चोवीस बाया काहून नाही भेटत?"

"तुमचेच आहेत, फक्त वापरता येत नाही. देखो काकू, ये सिस्टम का मामला है. तुमच्या गावावर कर्ज आहे."

"म्या कुठं घेतलं कर्ज? म्या तं मंडईचं नाटकई नाही पाह्यलं. रातभर चुलीपाशी होती."

राजेंद्र यांनी याची नोंद घेतली. गावाने घेतले ते अनुसयेने घेतले नव्हते हे खरे. पण अनुसया गावात राहत होती, आणि प्रशिक्षणात याला सहभाग म्हणतात.

"माहे परे तीस दिवसाचे झाले, भाऊ. पिवळे पडून राह्यले. दोन-दोन बायांनं बारा दिवस लागतीन. तवरिक चिखल आटते, पऱ्याले गाठी धरतात. मंग वर्षभर खाऊ काय, बिल्ले?"

"काकू, आपल्याले बिल्ला मजबूत ठेवायचा आहे."

बिल्ला मजबूत होता यात वाद नाही. चार वर्षांत एकही वाकला नव्हता.

परतताना बडगावच्या वेशीजवळ अंजूने तिला हाक मारली; मिलमधले बोलणे अनुसयेच्या आधीच तिथे पोचले होते. जुलैत अनुसया नऊ दिवस तिच्याच बांधीत वाकली होती. अनुसया थांबली नाही. थांबली असती तर रडली असती. घरी न जाता ती बांधावर जाऊन बसली आणि वाफ्यातल्या पिवळ्या शेंड्यांकडे बघत मग खरेच रडली. तिला बिल्ल्यांचे दुःख नव्हते. चोवीस दिवस तिच्या पाठीतून गेले होते, आणि ते गेलेच नाहीत असे कोणीतरी शांतपणे सांगत होते.

सकाळी नियमानुसार दोन बाया आल्या, अंजू आणि दीपिका. अनुसयेने नियमानुसार दोन बिल्ले पुढे केले. तेवढ्यात पांदणीतून आणखी खोळा दिसू लागल्या. बडगावच्या, आणि जुलैत तिथेच अनुसयेच्या शेजारी वाकलेल्या सालेटोल्याच्या. मोजल्या तर बावीस भरल्या.

"बाई, इतके बिल्ले चालत नाही न मले," अनुसया घाबरून म्हणाली.

अंजूने आपला आणि दीपिकाचा बिल्ला परत तिच्या डब्यात टाकला. "ठेव तुह्यापाशी. माह्या बांधीत तू वाकली होती, बिल्ला नव्हता वाकला."

दिवेलागणीला दोन्ही एकर हिरवे झाले होते. डब्यात बिल्ले चोवीसच्या चोवीस होते.

समितीने घटनेची गंभीर दखल घेतली. 'जामटोला येथे चोवीस बायांनी कोणतेही चलन न वापरता रोवणा केल्याचे आढळून आले. अशा प्रकारांनी विश्वासास तडा जातो.' चौकशीत प्रत्येकीला विचारण्यात आले की अनुसयेने बडगावात काम केल्याचा पुरावा काय. सगळ्यांनी एकच उत्तर दिले : "आमाले आठवते." हे उत्तर पुराव्यात धरता येत नसल्याने चौकशी चालू आहे.

वाचकांना या खेडवळ कारभाराचे हसू येणे साहजिक आहे. त्यांचे चलन याहून पुष्कळ पुढारलेले असते आणि डबाही मोठा असतो. त्यांनी फक्त एक छोटी पाहणी करावी. उद्या आपला डबा चालेनासा झाला, तर न बोलावता आपल्या बांधावर कोण कोण येईल, त्यांची नावे लिहून काढावीत. मोठा कागद घेऊ नये. तुमसर बसच्या तिकिटाची मागची बाजू पुरून उरते.