कोणी पडलं की दिसते

भाऊकाका उरकुडे गेली अकरा वर्षं स्वतःच्या घरात चहा पीत नाहीत. माझ्या ओट्यावर पितात. चहा त्यांच्याच घरचा असतो. सिंधूकाकू तो त्यांच्याच चुलीवर करतात, स्टीलच्या पेल्यावर ताटली झाकतात आणि बोरगाव मेघेतली आमची आठ फुटांची गल्ली ओलांडून माझ्या ओट्यावर आणून देतात. काका चहा संपवतात, पेला उपडा ठेवतात आणि घरी जातात. हे दिवसातून दोनदा.

कारण विचाराल तर एवढंच, की अकरा वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर चहात साखर पडली नव्हती. काका तावातावानं म्हणाले, "आजपासून या घरात मी चहा पिणार नाई." काकू शांतपणे म्हणाल्या, "नका पिऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना काका ओट्यावर येऊन बसले. "मास्तर, या घरात पिणार नाई म्हतलं होतं. तुह्या घराचं काई बोललो नाई."

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून मास्तर. ओट्यासाठी माझी परवानगी कोणी मागितली नाही.

काकांचं आवडतं वाक्य एकच. "बोललो म्हंजे बोललो." एका ऑटोवाल्याशी बसण्याच्या जागेवरून वाजलं, तर काका त्याला म्हणाले, "तुह्या ऑटोत पाय ठेवणार नाई." पुढं तो बिचारा आजारी पडून वारला. काका मयतीला गेले. परतताना लोकांनी त्यांना ऑटोत बसवलं, निम्म्या वाटेत त्यांना ऑटो ओळखू आला, आणि ते उतरून भर उन्हात चालत घरी आले. मेलेल्या माणसाशी काय भांडण, असं मी म्हणालो. "भांडण मिटलं," काका म्हणाले. "शब्द तं हाय न."

बोललेल्या शब्दाशी काकांचं वागणं असं असायचं. शब्द मोडायचा नाही, पण त्याला कुठं भोक आहे का, ते मात्र बारकाईनं शोधायचं. एरवी हा माणूस साधा आहे. गावाबाहेर दोन एकरांत वांगी, गवार, पालक लावतो, माल वर्ध्याच्या बाजारात नेतो, वांग्याला कीड लागली की दोन दिवस जेवत नाही. शब्दात भोक शोधायच्या त्यांच्या सवयीची सगळी गल्ली मजा घ्यायची. मीही घेतली. त्या सवयीनं घरातलं काय गिळलं, ते मला गेल्या वर्षी कळलं.

काकांना एकच मुलगी, प्रणाली. फिजिओथेरपी शिकली आणि पुढं शिकायला अमेरिकेला गेली. दोन वर्षांत परत येईन, असं सांगून गेली होती. दोन वर्षं झाली आणि तिनं फोनवर सांगितलं, की इथंच एका कॉलेजात नोकरी लागली आहे. काका म्हणाले, "मंग तुहा फोन मी उचलणार नाई. इथं दारात येऊन उभी राह्यशीन तवाच बोलीन."

झालं. बोलले म्हणजे बोलले. ती यायची तर व्हिसाचं काहीतरी अडकलेलं, एकदा बाहेर पडलं तर परत आत घेतील की नाही याची खात्री नाही. अशी चार वर्षं गेली. दर बुधवारी ती काकूंशी बोलायची. त्या वेळी काका अंगणात बसून, झाडून झालेलं अंगण पुन्हा झाडायचे.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी काकू माझ्याकडे मोबाइल घेऊन आल्या. प्रणालीनं काहीतरी पाठवलं होतं, ते मोठ्या टीव्हीवर लावून द्या म्हणाल्या. तिच्या कॉलेजचे फुटबॉलचे सामने इंटरनेटवर दिसतात. तिथं शनिवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट, साडेपाच. रविवारी साडेपाचला उठणं हे माझ्या तत्त्वात बसत नाही, पण काकूंना नाही कोण म्हणणार.

तो फुटबॉल आपला नव्हेच. चेंडू लांबुळका, पाय त्याला क्वचित लागतो, आणि डोक्यावर टोप घातलेली धिप्पाड पोरं एकमेकांवर आदळतात. प्रणालीच्या कॉलेजचे टोप जांभळे होते. तिचं काम मैदानाच्या कडेला उभं राहण्याचं. कोणी पडलं, लागलं, की पिशवी घेऊन धावत आत जायचं.

काका ओट्यावर चहाला आले होते. दारातून त्यांनी पाच मिनिटं पाहिलं.

"हे काय चालू हाय?"

"मॅच. प्रणालीच्या कॉलेजची."

 काकांनी चपला काढल्या आणि ते आत येऊन खुर्चीवर बसले. "बोलणार नाई म्हतलं होतं. पाह्यणार नाई असं नव्हतं म्हतलं."

भोक सापडलं होतं. हे प्रणालीला सांगायचं नाही, असं मात्र त्यांनी काकूंना बजावून ठेवलं.

त्या दिवसापासून माझ्या रविवारच्या झोपेचं खोबरं झालं. मी मोबाइलवर शोधून त्यांना नियम सांगितले: चार वेळा प्रयत्न करायचा, तेवढ्यात दहा गज पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. काकांनी मान हलवली. "चार धक्के अन् दहा गज. मी तं साठ वर्षांत इतका नाई सरकलो."

प्रणालीचं कॉलेज म्हणजे ज्युनिअर कॉलेज, असं सांगितल्यावर त्यांना ती पोरं अकरावी-बारावीची वाटली, आणि यांच्या आया यांना काय खाऊ घालतात याची त्यांना फार काळजी लागली. मी समजावलं, की तिकडं हे दोन वर्षांचं कॉलेज असतं. मोठ्या कॉलेजांनी ज्यांना घेतलं नाही, ती पोरं इथं येतात आणि आपल्याला कोणीतरी पाहील, उचलून नेईल या आशेवर खेळतात. "म्हंजे कोणी पाह्यलं पाह्यजे म्हणून धडपडून राह्यले," काका म्हणाले. जांभळ्या टोपांमुळं संघाचं नाव त्यांनी "आपले वांगे" ठेवलं. वांगे पहिले तीनही सामने हरले.

पण काकांचं हरण्या-जिंकण्याकडे लक्ष नाही, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. त्या सामन्यांना कॅमेरा एकच, उंच खांबावर बसवलेला. माणसं त्यात मुंगीएवढी दिसतात. फक्त कोणी पडून राहिलं, की कॅमेरा त्याच्या जवळ जातो. कोणी पडलं की काका खुर्चीच्या कडेला सरकायचे. "पडला. पडला न? उठत नाई न?" आवाजात चक्क आनंद. मला वाटलं, म्हातारा दुष्ट आहे.

मग प्रणाली धावत यायची. वर बांधलेले केस, पाठीवर पिशवी. त्या पोराचा पाय हातात घेऊन वाकवून पाहायची, काहीतरी बोलायची, खांदा द्यायची.  तो पोरगा लंगडत बाहेर गेला, कॅमेरा पुन्हा वर गेला, की काका मागं टेकायचे. "बरं झालं. जास्त नाई लागलं." आणि घरी जाताना काकूंना हिशेब द्यायचे, "आज तीन बार दिसली."

मला माझ्या मनाची लाज वाटली. पुढच्या रविवारपासून मीही, कोणी पडतंय का, ते पाहू लागलो.

सप्टेंबर संपताना लागोपाठ दोन सामन्यांत कोणीच पडलं नाही. त्यातला एक तर वांगे जिंकले. समालोचन करणारा म्हातारा तिकडं आरडाओरडा करत होता, आणि काका इथं तोंड पाडून बसले होते. "कोणी पडलं की दिसते," ते म्हणाले. "नाई तं नाई." चहा तसाच ठेवून ते गेले.

त्यानंतरच्या मंगळवारी ते एकटेच बसनं केळझरला जाऊन आले. तिथल्या टेकडीवरच्या गणपतीवर त्यांची श्रद्धा जुनी आहे. वांग्यावर कीड पडली तरी जातात, म्हणून मी काही विचारलं नाही.

रविवारी सामना नेहमीसारखा सुरू झाला. वांग्यांमध्ये बावीस नंबरचा एक सडपातळ पोरगा होता. चेंडू घेऊन तोच पळायचा, आणि कुठलंसं मोठं कॉलेज त्याला घेणार अशी चर्चा आहे, असं काकूंना प्रणालीनं सांगितलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात तो चेंडू घेऊन निघाला, दोन्ही बाजूंनी दोघं आदळले आणि तो पडला.

"पडला," काका म्हणाले.

तो हलला नाही. प्रणाली धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. मान हलू नये म्हणून धरतात, हे मला नंतर कळलं. ती तशीच बसून राहिली. दोन्ही संघांची पोरं एक गुडघा टेकून खाली बसली. समालोचक बोलायचा थांबला. मैदानात रुग्णवाहिका आली. एवढा वेळ कॅमेरा तिच्यावरून हलला नाही. तिचे ओठ हलत होते, ती त्या पोराशी बोलत होती, आणि तिच्या नाकावरून घाम की डोळ्यांतलं पाणी खाली टपकत होतं, तरी पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

चार वर्षांत काकांना मुलगी इतका वेळ कधीच दिसली नव्हती. आणि काका खुर्चीत नव्हते. ओट्यावर खांबाला धरून, रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"मी मांगतलं होतं," ते म्हणाले.

"काय मागितलं होतं?"

"नवस बोललो होतो केळझरले. लहानसंच मांगतलं, मास्तर. पाय मुरगळला पाह्यजे म्हतलं. हाडापर्यंत जाऊ नको, असंई म्हतलं होतं." त्यांनी खांबाला कपाळ टेकवलं. "माह्या बोलण्यात काई चुकलं असंन. त्याले समजलं नसंन."

अशा वेळी शिकल्यासवरल्या माणसानं समजूत घालायची असते. मी घातली. सात समुद्रापलीकडच्या पोराचा आणि केळझरचा काही संबंध नाही, तिथं दर आठवड्याला कोणीतरी पडतंच, वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्यी गाडी काढ."

मोटरसायकलवर मागं बसवून मी त्यांना केळझरला नेलं. टेकडी चढताना ते दोनदा थांबले. गाभाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं, मला साक्षीदार ठेवल्यासारखं म्हणाले, "त्या पोट्ट्याचे पाय हालू दे. मी तिले पाह्यणार नाई. मॅचमंदी नाई, फोनमंदी नाई, फोटोत नाई. ते इथं येऊन उभी राह्यत नाई तोपर्यंत नाई."

मला खरंच राग आला. उतरताना मी म्हणालो, "काका, पाहणार नाही म्हणालात. ऐकणार नाही असं नाही म्हणालात. बुधवारी काकूंचा फोन जरा मोठ्या आवाजात ठेवू."

त्यांनी मान हलवली. "माणसाले असं चालते, मास्तर. देवाले गंडवायचं नाई."

चार दिवसांनी काकूंनी ओट्यावर येऊन सांगितलं. त्या पोराचे पाय हलले. मानेला सूज होती, ती उतरते आहे. चालेल, पण खेळणार नाही. मोठ्या कॉलेजचं राहून गेलं. काकांनी चहाचा पेला तोंडाशी नेला होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. पोराचे पाय हलले, आणि त्याच क्षणी काका बांधले गेले. केळझरचं मी काकूंना सांगितलं होतं; त्या काकांकडे पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना नवऱ्यावर रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रागावल्या नाहीत, नुसत्या भरलेला पेला उचलून घेऊन गेल्या, आणि मला ते जास्त वाईट वाटलं.

पुढचे रविवार असे गेले: काकू आणि मी आत टीव्हीसमोर, आणि काका बाहेर ओट्यावर दाराकडे पाठ करून, समोर शेतातल्या वांग्यांचा ढीग घेऊन. किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. मधूनच विचारायचे, "सगळे उभे हायेत न?" मी म्हणायचो, आहेत. कधी कोणी पडलेलं असायचं, प्रणाली धावत आत आलेली असायची, तरी मी आहेत म्हणायचो.

नोव्हेंबरात शेवटचा सामना आला. अमेरिकेनं घड्याळ तासभर मागं नेल्यामुळं तो आपल्याकडे साडेसहाला लागला, आणि शेतावर कामाला बाया यायच्या होत्या म्हणून काकू तिकडं गेल्या. मी एकटाच आत होतो. वांगे हरले. वर्षभरात दोनदा जिंकले होते, तेवढंच. सामना संपल्यावर निरोपाचा कार्यक्रम होता. यातली निम्मी पोरं पुढच्या वर्षी तिथं नसणार होती. एकेकाचं नाव पुकारलं जात होतं, तो आपल्या आईबापांबरोबर मैदानाच्या मधोमध चालत येत होता.

बावीस नंबरचं नाव पुकारलं. गळ्याला पट्टा, हातात कुबडी. त्याच्या बरोबर आईबाप नव्हते. प्रणाली होती. तिच्या दंडाला धरून तो सावकाश येत होता, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मी दारात गेलो. "काका, तो बावीस नंबर आला. चालत आला."

त्यांचा हात वांग्यावर थांबला. "चालत?"

"हो. प्रणालीनं धरून आणलं त्याला. कोणी पडलेलं नाही, तरी ती मैदानात आहे. खूप वेळ आहे. या."

काका उठले. मला वाटलं, आले. अर्धे वळलेही. मग दाराच्या चौकटीला हात टेकवून, मान खाली घालून तसेच उभे राहिले. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. तिचं नाव त्या म्हाताऱ्या समालोचकानं भलत्याच तऱ्हेनं उच्चारलं, आणि काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"मास्तर," ते म्हणाले, "बारीक झाली काय ते?"

झाली होती. गालफडं बसली होती, आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "चांगली आहे."

काकांनी मान हलवली आणि पुन्हा ढिगाशी जाऊन बसले. बराच वेळ त्यांनी वांगं उचललं नाही. टाळ्या संपत आल्या तसं माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू जा आत. बंद होईस्तोवर पाह्य तिच्याकडं. इकडचं कोणी तं पाह्यलं पाह्यजे."